धूर माझ्या तोंडून गेला

मी चिंधाभाऊंच्या डिझेल जीपचा सायलेन्सर बोलतोय. इंजिनात जे जळतं आणि जे जळायचं राहून जातं, ते माझ्या तोंडातून बाहेर पडतं. म्हणून बोलायला लाज वाटते.

आमची जीप नरडाणा स्टेशनजवळ उभी राहायची आणि धुळ्याच्या सवाऱ्या घ्यायची. मागेच भिकुअक्कांची भज्यांची गाडी. माझं तोंड नेमकं तिकडे. सवाऱ्या भरेपर्यंत चिंधाभाऊ इंजिन चालूच ठेवायचे आणि मी अक्कांच्या अंगावर काळा धूर सोडायचो. अक्कांना दमा होता.

त्यांनी तक्रार केली तेव्हा चिंधाभाऊंनी डिझेलमध्ये टाकायच्या औषधाची बाटली आणली. नोझलवर साचलेली काजळी त्यानं सुटते, डिझेलचा फवारा बारीक उडतो आणि नीट जळतो. खरंच, काही दिवस मला हलकं वाटलं.

"अक्का, धूर कमी शे ना आते?"

"कमी शे. पन बठ्ठा गया नही, थोडा शेच," अक्का म्हणाल्या.

चिंधाभाऊंना मात्र काम झालं असं वाटलं. एअर फिल्टर धुळीनं चोंदलेला, नोझल झिजलेलं. तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. धूर वाढला की ते औषध वाढवायचे. दुप्पट औषधानं दुप्पट गुण येतो, असा त्यांचा समज. गुण आला नाही. धूर आणखी दाट झाला.

एका सकाळी अक्का झारा हातात घेऊनच खाली बसल्या. त्यांना श्वास घेता येईना. चिंधाभाऊंनी सवाऱ्या उतरवल्या, अक्कांना आणि त्यांच्या लेकीला, नूतनला, जीपमध्ये घेतलं आणि धुळ्याचा रस्ता धरला. जिला मी आजारी केलं, तिला दवाखान्यात नेतानाही मी धूरच ओकत होतो.

दवाखान्याच्या दारातही इंजिन चालूच होतं. नूतन शांतपणे म्हणाली, "चिंधाभाऊ, पहिले गाडी बंद कर. आईले धूर लागी राह्यना."

त्यांनी चावी फिरवली. अक्कांना आत नेल्यावर ते मागे आले, वाकले आणि माझ्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं.

अक्का वाचल्या. चिंधाभाऊंनी नोझल बदललं, फिल्टर नवा टाकला. मिस्त्री म्हणाला, "औषध घाण काढतं भाऊ, झीज भरत नाही. आणि हवाच कमी पडली तर डिझेल जळणार कसं?"

आता माझा धूर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. स्टँडवर इंजिन बंद असतं. तुम्हीही गाडी उभी केली की तेवढं करा. माझ्यासारख्याला स्वतःहून तोंड मिटता येत नाही.

अक्कांनी भज्यांची गाडी रस्त्यापलीकडे हलवली आहे. चिंधाभाऊंशी त्या बोलतात, त्यांना भजीही देतात. पण आमची जीप वळताना दिसली, की त्या अजून नाकाला पदर लावतात.