घुमटाला हात लावायचा नाही

या गाडीचं कौतुक करणाऱ्या माणसाला मी एकदा तिच्याखाली झोपवणार आहे. मे महिन्यात, सोलापुरात, पत्र्याच्या शेडमध्ये. पाठीखाली पोतं, डोळ्यांत ठिबकणारं काळं तेल, आणि हातात असा पाना जो कुठल्याच नटाला धड बसत नाही, कारण नट इंग्रजी मापाचा आणि पाना आपल्या. तासाभरानं बाहेर ओढून विचारीन, काय म्हणत होतात, क्लासिक?

गाडी एमजी आहे. दोन सीटची, कापडी छपराची, कधीकाळी हिरव्या रंगाची, आणि माझ्याहून वयानं मोठी. आता त्याच नावाच्या नव्या गाड्या गावभर फिरतात, त्यामुळे रस्त्यात कुणीही थांबून विचारतं, "काका, ही इलेक्ट्रिक का?" सुरुवातीला मी हसून उत्तर द्यायचो. आता नुसता बघतो.

माझे वडील, बसप्पा, कापडाच्या गिरणीत फिटर होते. गिरणीतला साहेब देश सोडून गेला तेव्हा ही गाडी बंद पडलेली म्हणून मागं टाकून गेला. ती भंगारात जायच्या आधी अप्पांनी उचलली, रविवार-रविवार करून उभी केली, आणि पुढं जन्मभर चालवली. आई शेजारी, मी आईच्या मांडीवर, असे आम्ही अक्कलकोटला जाऊन यायचो. रस्त्यात गाडी कधी बंद पडली नाही. हे अप्पा अजूनही ऐकवतात, आणि ऐकवताना माझ्याकडं बघतात.

माझ्या हातात मात्र ती चालेना. पावसाळा संपल्यापासून एकच दुखणं. सेल्फ मारला की चालू होते, उभ्या जागी छान गुरगुरते. पण रस्त्यावर काढून पॅडल दाबलं की दम कोंडल्यासारखी दोन आचके देते आणि मरते. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. मला वाटलं, वायरिंग. सगळी वायरिंग नवी केली. कॉइल बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप इंग्लंडहून मागवला. गाडी प्रत्येक नव्या भागाचं स्वागत करायची आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन मरायची.

या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. प्रत्येकावर ॲल्युमिनियमचा एक छोटा घुमट, घुमटाच्या टोकाला पितळी टोपी. अप्पांनी ते दोन्ही कानानं जुळवलेत. एक रबरी नळी कानाला लावायची, दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोघांचा श्वास सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. गाडी माझ्या स्वाधीन केली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "बाकी काय बी खोल. घुमटाला हात लावायचा न्हाय." मी तो शब्द पाळत होतो.

इसूफ मिस्त्री हे ऐकून वैतागला. तो माझ्याच वयाचा, विजापूर वेशीत त्याचं गॅरेज, आणि निव्वळ ओळखीखातर तो माझ्याकडं यायचा. "साहेब, दुखतंय पोटात आन् तुमी डोस्क्याचा फोटू काढायलाय," तो म्हणाला. "ह्ये दोन घुमट खोला की."

"अप्पांनी नाही म्हटलंय."

"मग काढूनच टाका दोनी. जुन्या मारुतीचा एक बसवतो. सकाळी लावलं की सांजच्याला पुण्यात."

"नको."

"नक्को तर नक्को," म्हणून त्यानं पाने गुंडाळले. त्या दिवसापासून बोलावलं की कुर्डुवाडीला लग्नाला गेलोय म्हणायचा. त्याच्या इतक्या नातेवाइकांची लग्नं एकाच गावात कशी होती, देव जाणे.

हे सगळं मी आणखी वर्षभर सोसलं असतं. पण दिवाळीनंतर अप्पा न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. आमच्या घरात खाली रस्त्याच्या बाजूला भाड्यानं दिलेलं झेरॉक्सचं दुकान, मागं गल्लीत उघडणारी गाडीची शेड, आणि आम्ही राहतो वर. म्हणजे अप्पा तेव्हापासून वरच. दिवसभर खिडकीत बसायचे. खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही.

महेश्वरीनं, माझ्या बायकोनं, सरळ विषय काढला. "अहो, शेडची खोली करू. लागून न्हाणी करू. अप्पा दारात खुर्ची टाकून बसतील, चार माणसं दिसतील. गाडी द्या कुणालातरी."

"अप्पांची गाडी आहे ती."

"अप्पांसाठीच म्हणते मी."

कोल्हापूरचा एक शौकीन माणूस गाडी आहे तशी न्यायला तयार होता. शेवटी आमच्यात ठरलं. मेच्या तिसऱ्या रविवारी गाडी स्वतःच्या इंजिनावर सात रस्ता चौकापर्यंत जाऊन परत आली, तर शेड माझी, आणि खोलीचा विषय पुन्हा निघणार नाही. नाही आली, तर सोमवारी धनाजी गवंडी येणार आणि गाडी कोल्हापूरला जाणार.

अप्पांना आम्ही विचारलं नाही. त्यांना गाडी हवी आहे एवढं मला ठाऊक होतं. त्यांचा मला रोजचा एकच प्रश्न असायचा. मी काळे हात घेऊन वर आलो की विचारायचे, "तेल घातलं का?"

"बघितलं अप्पा. भरपूर आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शनिवारी इंग्लंडहून शेवटचं पार्सल आलं. डिस्ट्रिब्युटरची नवी टोपी. मी ती बसवली आणि भर दुपारी, रस्ता मोकळा बघून, गाडी काढली. गल्लीचं तोंड ओलांडलं. मला हर्ष झाला. कोपऱ्यावर पॅडल दाबलं, तिनं दोन आचके दिले आणि सिटी बसच्या पुढ्यात मेली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. रसवंतीवरची माणसं उठून आली, ढकलायला लागली. ढकलता ढकलता एकानं विचारलंच, "चार्जिंग संपलं का काय काका?"

वर आलो तेव्हा माझं डोकं फुटायला आलं होतं. अप्पा खिडकीतून वळले. "प्रभ्या, तेल घातलं का?"

मग मी ओरडलो. जे यायला नको ते सगळं तोंडात आलं. तेल, तेल, तेल, दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला, तुमच्या त्या घुमटांपायी माझा तमाशा झाला गावात, बसून बोलायला काय जातंय. महेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. अप्पा म्हणाले, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. एवढंच म्हणून ते पुन्हा टाकीकडं बघायला लागले.

रविवारी उजाडायच्या सुमारास मी खाली गेलो. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उद्या ही जाणार, म्हणून नुसता शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगमागं बसलो. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि तिचा रागही येत होता.

जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मला वाटलं मांजर असेल. मग शेडचं दार ढकलून अप्पा आत आले.

भिंतीला एक हात, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला डाव. डावातलं तेल सांडू नये म्हणून नजर त्याच्यावर, त्यामुळे कापडी छपराखाली बसलेला मी त्यांना दिसलोच नाही. त्यांनी डाव मडगार्डवर टेकवला. बॉनेटची एक बाजू उचलली. चाचपत पहिल्या घुमटाची पितळी टोपी फिरवून काढली, आत तेल ओतलं, टोपी लावली. मग दुसरी. सांडलेलं धोतराच्या सोग्यानं पुसलं. घुमटावर तळवा ठेवला, तो कपाळाला लावला आणि बॉनेट आवाज न करता मिटलं.

मी हाक मारणार होतो. पण जिन्यात ते दचकले तर, या भीतीनं तोंड उघडेना. नुसता मागं जाऊन उभा राहिलो. अप्पा जिना उभ्यानं चढत नव्हते. पायरीवर बसायचे, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे आणि बूड वर उचलायचे. हात मोकळे हवेत म्हणून डाव दातांत धरला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा माझा बाप लहान पोरासारखा बसत बसत जिना चढत होता, कारण मला सांगण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटत होतं. मला स्वतःची लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

ते वर पोचल्यावर मी शेडमध्ये आलो आणि शब्द मोडला. घुमट खोलले. आत एक पिस्टन असतो. पॅडल दाबलं की त्यानं अलगद वर सरकायचं, म्हणजे इंजिनाला हवा मिळते. दोन्ही पिस्टन गुळाच्या पाकात बसवल्यासारखे जागच्या जागी चिकटले होते. बोटानं हलेनात.

महेश्वरी चहा घेऊन आली. मी घुमट पुढं केला. तिनं आत बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला.

"हे करडईचं तेल आहे. माझ्या तेलाच्या किटलीच्या बुडाला असंच धरतं. आठ दिवस पुसली नाही तर ओट्यावरनं सुटत नाही." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तेल एवढं लवकर कसं संपतंय म्हणून मी विचारतच होते."

आम्ही दोघं वर गेलो. डाव धुऊन जागेवर ठेवलेला होता. अप्पा खिडकीत.

"अप्पा, घुमटात तेल घालायचं असतं हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"रोज इचारत हुतो की. घातलं का म्हनून."

"पण खायचं तेल?"

"आदी तुज्या आईच्या शिलाई मशीनचं घालत हुतो, दर सोमवारी. कुपी सपली पावसाळ्यात. तुला आन म्हनलो असतो, पर तू कामात. मग गाडी अडायला लागली. मला वाटलं तेल कमी पडायलंय. म्हनून रोज घातलं."

"आणि जिना? मला हाक मारायची की."

"हाक मारली असती तर आला असतास," अप्पा म्हणाले. "पर वरडत आला असतास."

महेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मी घुमट रॉकेलनं धुतले, पिस्टन चकचकीत पुसले, कोपऱ्यावरच्या दुकानातून मशीनचं तेल आणून थेंब थेंब घातलं. अकराच्या उन्हात महेश्वरीला शेजारी बसवलं. गल्लीचं तोंड गेलं. कोपरा गेला. पॅडल दाबलं आणि गाडीनं असा काही श्वास घेतला की महेश्वरीनं दार घट्ट धरलं. सात रस्त्याला वळसा घातला तेव्हा सिग्नलवर एका पोरानं अंगठा दाखवला. किती महिने मी या क्षणाची वाट बघितली होती. आणि माझ्या डोळ्यांपुढं सारखा दातांत धरलेला तो डाव येत होता.

शेडमध्ये गाडी बंद केली. महेश्वरी उतरली नाही.

"जिंकलात," ती म्हणाली. "शेड तुमची. बोलले तसं पाळेन मी."

"धनाजीला उद्या यायला सांग."

"आणि गाडी?"

"दारात उभी राहील. उन्हात मरू दे तिला."

सोमवारी इसूफ आला. या वेळी कुर्डुवाडीला लग्न नव्हतं. मी आणि त्यानं अप्पांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि शेडच्या दारात ठेवलं. धनाजीनं आत भिंतीला पहिला घाव घातला. अप्पांनी धूळ बघितली, बाहेर कडुनिंबाखाली काढलेली गाडी बघितली. "मला इचारलं कुनी?" म्हणाले. कुणीच विचारलं नव्हतं.

मी ताडपत्री बांधत होतो. दोरी तुटली, ताडपत्रीचा कोपरा आरशात अडकला, आरसा खळ्ळकन निखळून हातात आला. मी गाडीला आणि तिला बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालायला लागलो.

"प्रभ्या," मागून अप्पा म्हणाले. "तेल घातलं का?"

ओरडणं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. शर्टाच्या खिशातून मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि जाऊन त्यांच्या हातात दिली.

"नाही," म्हटलं. "तुमच्यासाठी थांबलोय."