मावशीने घेतलेली मुलाखत

इन्व्हेस्टमेंट बँकेतली मुलाखत दोन दिवसांवर आली होती आणि भाचीचा कोट अजून कच्च्या टाक्यांवरच होता. शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या दुकानात ती आरशापुढे हात पसरून उभी होती. वेळ फुकट जाऊ नये म्हणून तिने प्रश्नांचा कागद मावशीलाच दिला.

"तुमच्यातला मोठा दोष कोणता?" मावशीने दरडावून विचारलं.

"मी कामात स्वतःला फार झोकून देते," भाचीने घोकलेलं उत्तर दिलं.

मावशीला हसू आवरेना. "अगं, दोष सांगतेस की स्वतःची आरती ओवाळतेस? माझी कात्री हरवलीस आणि कबूल करायला चार दिवस लावलेस, ते सांग की!"

भाचीचं तोंड एवढंसं झालं.

बँकेत नेमका तोच प्रश्न आला. या वेळी भाची म्हणाली, "चूक कबूल करायला मला वेळ लागतो."

"किती?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"पूर्वी चार दिवस लागायचे. आता संध्याकाळपर्यंत करते."

बाई खळखळून हसल्या. "आमच्याकडे काहींना वर्षं लागतात."

दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं, तेव्हा भाचीने आधी मावशीला फोन लावला.

"ये लवकर," मावशी म्हणाली, "तुझे अजून पुष्कळ दोष आहेत माझ्याकडे."