हामाएला जेवू द्या

आपल्या युनोसावात, जपानच्या डोंगरातल्या या लहानशा गावात, एक तरी खून व्हावा, अशी सगळ्या गावाची मनापासून इच्छा होती. गैरसमज नको, माणसं देवभोळी. पण शेजारच्या खोऱ्यातल्या गावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. खुनांचा छडा लावणाऱ्या ‘बसगाईड हामाए’च्या एका कादंबरीत तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात प्रेत सापडलं, आणि तेव्हापासून त्या गावात पाय ठेवायला जागा नाही. नगर कचेरीनं कुंडाशी पाटीच ठोकली, ‘प्रेत इथे सापडले’. लोक पाटीला टेकून फोटो काढतात, मुडद्याच्या आकाराचे गोड बन खातात आणि खूश होऊन घरी जातात.

आता त्याच हामाएचे लेखक, म्हातारे त्सुरुमाकी, युनोसावाला येणार होते. आणि उतरणार कुठे, तर चिदोरीच्या ‘मात्सुबाया’ सराईत! चिदोरीला आभाळ ठेंगणं झालं. नदीपल्याड सानाएबाईंनी ‘किकुओका’ ही नवी टोलेजंग सराई बांधल्यापासून मात्सुबायाच्या निम्म्या खोल्यांतल्या गाद्या उलगडल्याच जात नव्हत्या. एक मुडदा पदरात पडला की सराई तरली, असं तिचं साधं गणित होतं.

“मला माझ्या घरात मुडदा नको,” नवरा गेन्पाची म्हणाला. तो सराईचा आचारीही होता आणि अर्धा दिवस चुलीशी पुटपुटत असायचा.

“अहो, खरा थोडाच असणार आहे?”

“खोटा असला तरी. मुडदा म्हटला की पोलीस आले, अन् पोलीस आले की जेवण गार झालं.”

एवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि चिदोरी हातातला घास वाटीत टाकून उठली. लग्न झाल्यापासून हे असंच. पाहुणा आला की मालकिणीनं उठायचं, ही सराईची रीत. तिच्या वाटणीचं मिसोचं सूप कधी गरम पोटात गेलंच नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. गेन्पाचीनं वाटीवर झाकण ठेवलं.

हामाएला गावात कोण वाचत नव्हतं? न्हाव्यापासून देवळातल्या भटजीपर्यंत सगळे. पुस्तक कुठलंही उघडा, ही बया बसमध्ये बेसूर गाणार, भलत्याच माणसावर संशय घेणार, आणि दिवसभर उपाशी हिंडून ताटावर बसली, पहिला घास ओठांपाशी नेला, की कुठून तरी किंकाळी! लागलीच घास टाकून पळणार. दर पुस्तकात हेच, आणि दर वेळी लोक पोट धरून हसणार. न्हावी म्हणायचा, “पुढे काय होणार ते ठाऊक असतं म्हणून तर वाचायचं. नाहीतर वर्तमानपत्र आहेच की!”

हसत नसे तो एकटा गेन्पाची. “हा काय छळ मांडलाय पोरीचा!” म्हणून तो पुस्तक आपटायचा, आणि नवं निघालं की सगळ्यांच्या आधी आणायचा. “बघू, या खेपेला तरी जेवते का.”

त्सुरुमाकी आले. पाहुण्याला त्याच्या कामाबद्दल मालकिणीनं विचारायचं नाही, हीही रीतच. तेव्हा चिदोरीनं आडून आडून सुरुवात केली. बोळातला दिवा काढला. जिन्याखाली दोरखंडाचं वेटोळं ठेवलं. “साहेब, कुंडाची मागची पायरी फार निसरडी आहे हं. कुणी पडलं तर सकाळपर्यंत पत्ता लागायचा नाही.”

“बरं झालं सांगितलंत, जपून जाईन,” म्हातारा म्हणाला. मनसोक्त डुंबून लालबुंद होऊन आला आणि लहान मुलासारखा गाढ झोपला. दोरखंडाला पाय अडला तेव्हा त्यानं ते नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. चिदोरीनं कपाळावर हात मारला.

मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी ती ताट वाढत होती. निखाऱ्यावरचा नदीतला मासा, डोंगरातली पालेभाजी, वाफाळता भात. इतक्यात दार सरकलं आणि ओल्या एप्रनासकट गेन्पाची आत येऊन गुडघे टेकून बसला. आचारी पाहुण्यापुढे येत नाही, कधीच नाही!

“साहेब,” तो म्हणाला, “लहान तोंडी मोठा घास घेतो. तिला एकदा तरी जेवू द्या.”

नेमकी घंटा वाजली. चिदोरीला उठावंच लागलं. परत आली तेव्हा दोघांचं बोलणं संपलं होतं आणि ताट चाटूनपुसून साफ होतं.

“माझा मांडलेला डाव उधळलात!” ती नवऱ्यावर कडाडली. “आता कसला खून करतोय तो इथं!”

तिचंच खरं झालं. पुस्तक आलं, आणि प्रेत सापडलं किकुओकाच्या कुंडात. सानाएबाईंनी त्याच दिवशी पाटी रंगवायला टाकली. चिदोरीला रडू आवरेना. डोळे पुसत तिनं पुढची पानं उलटली, निदान शेवट तरी वाचावा म्हणून.

हामाए नदीकाठच्या एका जुन्या सराईत ताटावर बसली होती. घास ओठांपाशी गेला आणि पल्याडून किंकाळी आली. ती उठणार, तोच आचाऱ्यानं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून बसला. “ओरडू दे ओरडायचं त्याला,” तो म्हणाला. “आमच्याही घरात एक बाई रोज अर्ध्या घासावरून उठते. इतक्या वर्षांत तिला बस म्हणायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही तरी पोटभर जेवा.”

हामाएनं क्षणभर विचार केला. “मेलेला कुठं पळून जातोय?” असं म्हणून तिनं आणखी भात मागितला.

चिदोरीनं पुस्तक छातीशी धरलं. घंटेमुळे आपलं काय ऐकायचं राहून गेलं होतं, ते तिला आता कळलं. नवऱ्याबद्दल तिला इतकी माया दाटून आली की स्वयंपाकघरात जायची तिला लाज वाटली.

पाहुणे आले, लोंढ्यानं आले. प्रेत बघायला नदीपल्याड जायचे आणि भूक लागली की पूल ओलांडून अलीकडे. “हामाए जेवली ते ताट द्या,” सगळ्यांची एकच मागणी. खोल्याही भरल्या. सानाएबाई पुलावर भेटल्या की म्हणायच्या, “मुडदा माझा अन् मजा तुमची!”

एका दुपारी नवरा-बायको जेवायला बसले होते. घंटा वाजली. चिदोरीनं सवयीनं वाटी खाली ठेवली.

“बस,” गेन्पाची म्हणाला, आणि स्वतः उठला. “आता म्हणालो.”

दाराकडून त्याचा आवाज आला, “मालकीणबाई जेवताहेत. घाई फक्त मेलेल्यांना नसते म्हणतात, पण तुम्हीही टेका जरा.”

बाहेर हशा पिकला. चिदोरीनं सूप तोंडाला लावलं. ते इतकं गरम होतं की तिची जीभ पोळली.