चिखलातली निवटी

गिरगावच्या अप्पांनी जन्मभर निवट्यांचं, खाडीतल्या त्या छोट्या मासळीचं, कालवण चवीनं खाल्लं, पण जिवंत निवटी पाहिली ती सत्तरी उलटल्यावर, शिवडीच्या धक्क्यावर.

नात जुई प्राणिशास्त्र शिकत होती. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन प्राण्यांची तुलना तिला कॉलेजात मांडायची होती. तिने निवडले फ्लेमिंगो आणि निवटी. "एक उडतो, दुसरी चिखलात लोळते, तुलना कसली करणार?" असं म्हणत अप्पा टॅक्सीत तिच्या शेजारी येऊन बसले. खरं म्हणजे घरी बसून ते कंटाळले होते.

ओहोटी होती. लांब पाण्याच्या कडेला फ्लेमिंगोंची गुलाबी रांग आणि धक्क्यावरचे सगळे कॅमेरे तिकडेच. जुईने मात्र अप्पांना खाली, पायाशी बघायला सांगितलं.

चिखल जरासा हलला. डोक्यावर चिकटवल्यासारखे दोन डोळे वर आले आणि पुढच्या परांवर रेलत निवटी बिळाबाहेर सरपटली. दुसरी जवळ येताच दोघींनी पाठीवरचे पर ताठ केले, तोंडं वासली आणि चक्क भांडायला लागल्या.

"अगं, ही मासळी ना? मग पाण्याबाहेर काय करते?"

"ओल्या कातडीतूनही श्वास घेते. पाठीचा कणा हिलाही आहे आणि फ्लेमिंगोलाही, पण फ्लेमिंगो पक्ष्यांच्या वर्गातला, ही माशांच्या. राहणं मात्र याच चिखलावर. शेवाळ दोघंही खातात."

"आणि धोका कोणाला?"

"हा छोटा फ्लेमिंगो धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. निवटीची सध्या काळजी नाही, असं जागतिक यादीत नोंदवलंय."

"काळजी कशी नाही? बाजारात हल्ली दिसते कुठे?"

"ते सगळ्या किनाऱ्यांचं बघून ठरवतात, अप्पा. आपल्या बाजारावरून नाही."

"पण हा चिखलच गेला तर?"

"तर इथून दोघंही गेली. तेच मांडायचंय मला."

 अप्पा शेजारच्या कॅमेरेवाल्याला म्हणाले, "जरा खालीही बघा." त्याने अप्पांचा मान राखून एक फोटो काढला आणि पुन्हा फ्लेमिंगोंकडे वळला. अप्पांना ते लागलं. भरती चिखलावर चढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

परतताना त्यांनी बायकोला फोन लावला. "सुनंदा, यापुढे निवट्या आणू नकोस हां."

"अहो, मिळतायत कुठे? आज पापलेट आणलंय."



"पापलेट चालेल," ते म्हणाले. जुई खिडकीकडे तोंड करून हसत राहिली.