समुद्रापर्यंत जाऊन कोरडी राहिलेली बॅग

मित्रांनो, सुट्टीच्या विमानांवर वैमानिक म्हणून रुजू होणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा सत्य वृत्तान्त मी आज कोणताही आडपडदा न ठेवता निवेदन करणार आहे.

मी एक जुनी, काळी, दोन चाकांची बॅग आहे. त्यांपैकी एक चाक आता फिरत नाही. कारखान्यात तपासणीच्या बाईंनी माझी चेन चौदा वेळा उघडमीट केली आणि "ही टिकेल" असा अभिप्राय दिला. एवढी स्तुती पुढे मला कधीच लाभली नाही.

माझे मालक नवे सहवैमानिक. लोकांना उन्हाळी सुट्टीत समुद्रकिनारी नेणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी लागली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. मालकांनी माझ्यात हेडफोन, फाईल, पिवळे चमकदार जाकीट व जेवणाचा डबा भरला. सर्वांत तळाशी पोहण्याची नवी कोरी निळी चड्डी ठेवली. तिची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

सहा वर्षांची कन्या दारात आली. "बाबा, मला एक शिंपला आण. दुकानातला नको हं. तू स्वतः वाळूतून उचललेला."

"एकच? पोतंभर आणतो!" मालक म्हणाले.

पहिल्याच दिवशी डबा काढताना ती चड्डी बाहेर आली. शेजारी बसलेले कॅप्टन, ज्यांना सगळे काका म्हणत, खो खो हसले.

"अरे, पोहायला निघालास की काय? बाळा, आपण लोकांना सुट्टीवर नेतो. आपण जात नाही."

"पण काका, तिथे थांबणार ना आपण?"

"पाऊण तास. त्यात इंधन बघ, विमानाभोवती फिरून चाकं तपास, कागद भर. उरलाच वेळ तर डबा खा."

आणि तसेच झाले. कॉकपिटच्या काचेतून बोटभर रुंदीची निळी पट्टी दिसे, तोच आमचा समुद्र. जाताना प्रवासी टोप्या घालून हसत चढत. येताना नाके भाजलेली आणि चपलांत वाळू. ती वाळू विमानभर सांडे. दिवसाकाठी चार फेऱ्या होत, परंतु मालकांच्या बुटाला वाळूचा कण लागला नाही.

काही दिवस मालक घरी असत, पण ते असणे नावापुरतेच. फोन वाजला की तासाभरात विमानतळावर हजर राहायचे, म्हणून मी दारातच भरलेली उभी. मालकीणबाई एकदा मला ठेचकाळून कडाडल्या, "ही बया म्हणजे माझी सवत आहे, सवत!" मला फार लागले. मित्रांनो, यात माझा काय अपराध?

मालकांनी उन्हाळ्यात चार दिवसांची रजा मागितली. उत्तर आले, लोकांची सुट्टी हाच आपला हंगाम.

हंगामाच्या शेवटच्या फेरीनंतर सफाईच्या मावशींना सीटखाली एक शिंपला सापडला. "घ्या साहेब, कुणाचा तरी पडलाय." मालकांनी तो रुमालात गुंडाळून माझ्यात जपून ठेवला.

घरी कन्या नाचू लागली. "कुठे सापडला? लाटेजवळ?"

थाप त्यांच्या ओठांवर आली होती, हे मी प्रत्यक्ष पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "बाराव्या रांगेतल्या सीटखाली."

"म्हणजे तू समुद्रावर गेलाच नाहीस?"

"रोज गेलो गं. वाळूत उतरलो नाही."

तिने शिंपला परत माझ्यात ठेवला. "मग हा इथेच राहू दे. खरा आणशील तेव्हा दोन्ही घेईन."

हिवाळ्यात विमाने झाकून ठेवली गेली. मालकांचा करार संपला व ते दिवसभर घरी बसले, परंतु आता कन्येची शाळा होती. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलावणे आले. मालकांनी चार चाकांची नवी बॅग आणली. हेडफोन तिकडे गेले, जाकीट गेले. चड्डी त्यांनी हातात घेतली, चिठ्ठीकडे पाहिले आणि पुन्हा माझ्यात ठेवून चेन लावली. नवी बॅग हलकी गेली. मी माळ्यावर चढले.

मित्रांनो, या नोकरीवर रुजू होणाऱ्याने सही करण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. तिथे किती वेळ थांबणार, आणि रजा कधी मिळणार. तसेच सुट्टीहून परतणाऱ्यांनी आपले शिंपले सांभाळावेत. पुढे कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या घरीही कोणीतरी शिंपल्याची वाट पाहत असते.

आपण माझे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकलेत, याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

आपली नम्र,
माळ्यावरची काळी बॅग,
चड्डी व शिंपला यांसह