उंदरांना उलटी होत नाही

वेदनाशामक औषधांच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रोज सकाळी उंदरांच्या पिंजऱ्यातल्या मातीच्या गोळ्यांचं वजन करायचं आणि रात्रीतून किती माती कमी झाली ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. उंदराला मळमळलं की तो माती खातो. दुसरं करणार काय बिचारा? उलटी करायची सोयच निसर्गाने त्याला दिलेली नाही. हे मातीबाईला ठाऊक होतं, पिंजरे धुणाऱ्यालाही ठाऊक होतं. संचालकसाहेबांनाही एके काळी ठाऊक असावं, पण खुर्ची मिळाल्यापासून त्यांनी बऱ्याच गोष्टींचं ओझं उतरवून ठेवलं होतं.

नवं औषध अफूच्याच घराण्यातलं, पण साहेबांच्या मते घराण्याचा एकही दुर्गुण न उचललेलं. दुखणं ते खरोखर मारत होतं. गरम पत्र्यावर ठेवलेला उंदीर एरवी चटका बसताच पाय चाटू लागतो. हे औषध घेतलेला ऐटीत उभा राहायचा. मग त्याला दोन खोल्यांच्या पेटीत सोडत. ज्या खोलीत औषध मिळालं होतं तिथेच तो घुटमळू लागला, तर समजायचं, चटक लागली. हे उंदीर त्या खोलीकडे फिरकेनात. साहेबांनी अहवालात लिहून टाकलं: चटक लागत नाही. मातीबाईच्या तराजूवर मात्र रोज निम्मी माती गायब. जिथे पोट ढवळून निघालं, तिथे शहाणा उंदीर परत पाऊल कशाला टाकेल? पण अहवालाचं पुढचं वाक्य तर त्याहून थोर होतं: एकाही उंदराला उलटी झाली नाही.

एरवी मातीबाई गप्प बसली असती. पण औषध ज्या पहिल्या बारा रुग्णांना द्यायचं ठरलं, त्यांत तिची आई होती. आईच्या मणक्यात गाठ होती आणि जुनं कुठलंच औषध पोटात टिकत नव्हतं. दोन वर्षं मातीबाई तिला समजावत आली होती, थोडी कळ काढ, आमचं येतंय. आता येत होतं, पण एक पाचर मारून. अहवालात मळमळ नाही, म्हणून रुग्णांना उलटी थांबवायची गोळी द्यायला सक्त मनाई. नसलेल्या मळमळीवर गोळी दिली तर पैसे घालणारे काय म्हणतील?

तेव्हा बैठकीत ती उभी राहिली.

“सर, उंदराला उलटी होतच नाही.”

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे शांतपणे पाहिलं. “मग आपण खोटं काय लिहिलंय?”

तिने मातीची वही पुढे सरकवली. साहेबांनी ती घरी नेली, नीट वाचली, आणि खरा घात तिथेच झाला. सुधारित अहवालात एका वाक्याची भर पडली: औषधाने भूक वाढते.

रुग्णालयात औषध सुरू झालं त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आई आठ महिन्यांनी स्वतःच्या बळावर कुशीवर वळली आणि गाढ झोपली. मातीबाईला रडू आवरेना. दुसऱ्या सकाळी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा ठरेना. बारा खाटांखाली बारा बादल्या आल्या. सिस्टरच्या तक्त्यात ‘भूक वाढली का’ असा रकाना होता, उलटीचा नव्हता. ती बिचारी खाली बारीक अक्षरात ‘जेवणाचा दोष’ असं लिहीत होती. दुसरं औषध घेताना कुणी सापडलं तर नाव कमी होणार आणि हेही बंद होणार. मातीबाईने हे सगळं आईला स्पष्ट सांगितलं, आणि मग पर्समधून कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी गोळी काढून तिच्या जिभेवर ठेवली. संध्याकाळी आई पोटभर जेवली.

सहाव्या दिवशी साहेब पाहुण्यांना घेऊन आले. अकरा माणसं बादल्यांवर वाकलेली आणि एक बाई उशीला टेकून वर्तमानपत्र वाचतेय, हे पाहून दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. साहेब खुलले. औषध निर्दोष आहे, बाकीच्यांचे हे मनाचे खेळ आहेत, असं त्यांनी खड्या आवाजात सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी लाजेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मावशी, सांगा यांना,” साहेब आईला म्हणाले. “मळमळतं का तुम्हाला?”

आईने मुलीकडे पाहिलं. मातीबाईने हलकेच मान हलवून नको म्हटलं. ती अक्षरशः विनवत होती.

“नाही मळमळत,” आई म्हणाली. “माझी मुलगी रोज चोरून उलटीची गोळी देते ना. या मास्तरांनाही द्या. चार दिवस झाले ओकतायत ते, मनाचे खेळ कसले.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पैसा त्यांचा होता, त्यामुळे त्यांना शंका फार लवकर समजल्या. दुपारपर्यंत नियम बदलला: आजपासून सर्व रुग्णांना उलटीची गोळी द्यावी. आईने मात्र ती कालपर्यंत घेतलेली, म्हणजे जुन्या नियमाखाली, म्हणजे नियमभंग. तिचं नाव खोडलं गेलं. साहेबांना त्याचं मनापासून वाईट वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

मातीबाई आईचं सामान पिशवीत कोंबत होती. आईचा एवढा राग तिला जन्मात आला नव्हता, आणि एवढा अभिमानही.

“गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? आता पुन्हा दुखेल तुला.”

“दुखायला लागलंय,” आई म्हणाली. तिला चाकांच्या खुर्चीत बसवेपर्यंत कपाळावर घाम आला होता. दाराशी पोहोचल्यावर तिने विचारलं, “मास्तर जेवले का गं?”

मातीबाईने मागे वळून पाहिलं.

“जेवतायत,” ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर धक्का बसू नये म्हणून खुर्ची अगदी हळू पुढे ढकलली.