साहेबरावांचे ससे

डॉक्टरांनी बैलाच्या मोडक्या शिंगावर डांबर लावलं, हात चिंधीला पुसले आणि मगच गिरिजाबाईंकडे पाहिलं.

"बोला बाई. कोणतं जनावर आणलंय?"

"आणलं नाही. आणू देत नाहीत, म्हणून तर आलेय. ससे आहेत दोन."

गिरिजाबाई तीर्थपुरीच्या प्राथमिक शाळेत शिकवत. त्यांच्या वर्गाच्या खिडकीखाली साहेबरावांचं परसू होतं आणि तिथे पत्र्याखाली तारेच्या जाळीचा खोका. नातवासाठी साहेबरावांनी मोठ्या हौसेनं हैदराबादहून पांढऱ्या सशांची जोडी आणली होती. नातू औरंगाबादला शिकायला गेला, हौस त्याच्याबरोबर गेली, ससे तेवढे मागे राहिले. आता त्यांचे केस मुतानं पिवळे पडले होते, वाढलेली नखं जाळीत अडकत होती. कुणाला आठवण झालीच तर पाणी, नाहीतर एप्रिलचं ऊन.

एकदा बाईंनी खिडकीतून कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या, तर साहेबरावांच्या पत्नी केशरबाई तडक वर्गात आल्या.

"आमच्या घरच्या जनावराला तुमच्या हातचं नको."

'तुमच्या'वरचा जोर पहिलीतल्या पोरांनाही कळला. बाईंचं घर बौद्ध झालं त्याला वीस वर्षं होत आली होती. केशरबाईंच्या घरी मात्र त्याची खबरच पोचली नव्हती. तरीही बाईंनी अपमान गिळून साहेबरावांकडे ससे मागितले. ते म्हणाले, "नातवाची वस्तू हाय बाई. देऊन टाकली तर गाव काय म्हणंल?"

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी मान हलवली. "आमच्याकडं गाय, बैल, म्हैस, शेळी. फार तर कोंबडी. ससा कशात धरू मी? ते जंगलखात्याचं काम."

चौकीतला जमादार तर हसलाच. "मारलं का त्यांनी? न्हाई ना? मंग उपाशी ठेवल्याचा गुन्हा कसा लिहू? आन् साहेबराव म्हणजे..." पुढचं त्यानं चहाबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी 'स' शिकवताना फळ्यावर सशाचे कान काढता काढता बाईंच्या हातातला खडू मोडला. असा राग त्यांना कितीतरी दिवसांत आला नव्हता. रविवारी त्यांनी अंबडची बस धरली आणि वनरक्षक भुजंगचं घर शोधून काढलं.

"आमच्या गावात एकांनी ससे कोंडून ठेवलेत," त्या म्हणाल्या.

कोंडलेत म्हटल्याबरोबर भुजंग बाजेवरून उठून उभा राहिला. "नवा कायदा आलाय बाई. बिलकुल सोडणार न्हाई." कुणीतरी एकदाचं उठलं, एवढ्यानंच बाईंचे डोळे भरून आले.

भुजंग आला तेव्हा सकाळची शाळा सुटायला आली होती. सरकारी टोपीला देण्यात कमीपणा नव्हता, त्यामुळे साहेबराव कुरकुरले, पण आडवे आले नाहीत. खोका सायकलच्या कॅरिअरला बांधलेला बाईंनी खिडकीतून पाहिला. शाळा सुटल्यावर घरी जाऊन त्यांनी खोलीचा एक कोपरा झाडला, बाजारातून लसूणघासाची पेंढी आणली. सांभाळायला कुणीतरी लागणारच. भुजंगला विचारू, देईल आपल्याकडे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुपारी त्या भुजंगला गाठायला निघाल्या, तर तो साहेबरावांच्या दारात रिकामा खोका उतरवत होता.

"ससे कुठे?"

"सोडले की! टेकाडापल्याडच्या माळावर. रानातलं जनावर रानात."

"अहो, ते रानातले नव्हते. पांढरे होते ते. पिंजऱ्यातच जन्मलेले."

"कायद्यात रंग लिहिलेला न्हाई बाई. ससा तो ससा."

बाईंनी विचारलं, "पळाले तरी का?"

"कुठलं!" भुजंग कौतुकानं हसला. "माझ्याच पायाशी घुटमळून राह्यले. सायकलीमागंसुद्धा आल्ते थोडे. मंग खडे मारून हाकलले."

ओट्यावरून साहेबरावांनी विचारलं, "झालं ना बाई, तुमच्या मनासारखं?"

आवाजात टोमणा नव्हता. खरोखरच विचारलं होतं त्यांनी. डोक्यावर पदर घेऊन बाई टेकाडाच्या वाटेला लागल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. त्या माळावर आडोशाला झुडूपही नाही. पांढरं काही असलं तर ते फार लांबून दिसतं, सगळ्यांनाच.